हर्क्युलिस, झीना आणि खरं पुराण

प्रश्न: ताई, लहानपणी पाहिलेल्या हर्क्युलिस आणि झीना या टीव्ही मालिका आता लेकीला दाखवतोय, ती विचारते हे सगळं ग्रीक पुराणात आहे का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: थोडंच आहे दादा. देवांची राणी हेरा हिचा हर्क्युलिसवरचा राग खरा, पण मूळ कथेत ती हर्क्युलिसला वेड लावते आणि त्याच्याच हातून त्याची मुलं मरतात, म्हणून प्रायश्चित्ताची ती बारा अवघड कामं, मालिकेत मात्र हेराच त्याचं कुटुंब संपवते, आणि मला हा बदल पटतो, लहान मुलं बघणार ना! आयोलस पुराणात हर्क्युलिसचा पुतण्या, इथे जिवलग दोस्त. झीना तर पुराणात नाहीच, १९९५ला हर्क्युलिसच्या मालिकेत खलनायिका म्हणून आली आणि इतकी आवडली की तिची स्वतःची मालिका २००१पर्यंत चालली. आणि मालिकेत दिसणारे ते हिरवे डोंगर ग्रीसचे नाहीत बरं का, न्यूझीलंडचे.