किरकोळ म्हणून मागे ठेवलेल्या चांगल्या बातम्या

प्रिय तरुण मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कामाचा ताण, सहकाऱ्यांच्या तऱ्हा आणि पुढच्या वर्षाची काळजी यांवर तू पानेच्या पाने लिहिलीस आणि सहीच्या खाली, ताज्या कलमात, दोन ओळी घातल्यास: ज्या वरिष्ठांची तुला सर्वांत अधिक धास्ती वाटते, त्यांनी तुझे टिपण वाचून ‘आता हे नीट समजते’ असे म्हटले. त्याला लगेच पुरवणीही जोडलीस की, ‘तसे यात सांगण्यासारखे काही नाही.’ तुझ्या तक्रारींना मी सवडीने उत्तर देईन, कारण त्यांतील काही खऱ्या आहेत. हे पत्र मात्र त्या दोन ओळींसाठी आहे, कारण सांगण्यासारखे नेमके तेवढेच होते असे मला वाटते.

हरवली असे धरून चाललेली किल्ली जुन्या पिशवीच्या तळाशी सापडते. वाळून गेले म्हणून सोडून दिलेल्या रोपाला कोंब फुटतो. तपासणीचा अहवाल निर्धोक येतो. कित्येक वर्षांत न बोललेला वर्गमित्र अचानक फोन करतो आणि काही मागत नाही, नुसती चौकशी करतो. अशा गोष्टींना आपण बातमीचा दर्जा देत नाही. वाईट गोष्टीला मात्र तो आपोआप मिळतो. मानसशास्त्रज्ञांनी यावर बराच अभ्यास केला असून सारख्याच वजनाच्या बऱ्या आणि वाईट अनुभवांपैकी वाईट अनुभव मनावर अधिक खोल ठसा उमटवतो, हे पुनःपुन्हा दिसून आले आहे. ते स्वाभाविकही आहे. धोका नजरेतून सुटला तर त्याची किंमत जबर असते, आनंद सुटला तर फारसे बिघडत नाही, आणि मनाची घडण त्या हिशेबाने झालेली आहे. तेव्हा तुझ्या पत्रात तक्रारींना पाने आणि आनंदाला दोन ओळी मिळाल्या यात तुझा कृतघ्नपणा नाही. पण मन जसे कलते तसेच त्याला कलू द्यावे, असेही कुठे लिहिलेले नाही.

अनपेक्षित आनंदाचे आयुष्य थोडे असते, हेही तू समजून घ्यावेस. मेंदूतील डोपामाइन या द्रव्याशी संबंधित पेशींवर वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. फळांचा रस अवचित मिळाला की या पेशी जोराने प्रतिसाद देत. रसापूर्वी नेहमी एक खूण दिसते हे माकडाला उमगले की तो प्रतिसाद खुणेकडे सरके आणि प्रत्यक्ष रस मिळताना पेशी जवळजवळ शांत राहत. खूण दिसूनही रस मिळाला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावे. हे प्रयोग आणि त्यामागचा सिद्धांत यांची मांडणी 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदू वस्तूपेक्षा अपेक्षा आणि प्राप्ती यांतील फरकाची नोंद ठेवतो, असा त्याचा ढोबळ अर्थ. तुझे वरिष्ठ उद्यापासून रोज ‘नीट समजते’ म्हणू लागले, तर महिनाभरात तुला ते ऐकूही येणार नाही. म्हणून अशा गोष्टीचे जे काही करायचे ते ती ताजी असताना करावे लागते, आणि सर्वांत सोपी कृती म्हणजे ती कोणाला तरी सांगणे.

सांगितल्याने नेमके काय होते, याचाही अभ्यास झालेला आहे. क्रिस्टोफर लँग्स्टन यांनी 1994 मध्ये असे दाखवले की चांगली घटना दुसऱ्याला सांगणाऱ्या किंवा ती साजरी करणाऱ्या माणसाला त्या घटनेने जितका आनंद दिला असता, त्याहून काही अधिक मिळतो. मला यात नवल वाटत नाही. सांगताना घटना शब्दांत मांडावी लागते, क्रम लावावा लागतो, त्या वरिष्ठांचा सूर आठवावा लागतो. म्हणजे ती दुसऱ्यांदा घडते आणि या वेळी तिला साक्षीदार असतो.

पण सगळी मदार त्या साक्षीदारावर आहे, आणि तुला मला मुख्यतः याविषयी लिहायचे आहे. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चांगली बातमी ऐकणाऱ्यांचे चार प्रकार मांडले. समज, तुझ्या मित्राने सांगितले की त्याला हवी असलेली जागा मिळाली. एक जण हातातले काम ठेवतो आणि विचारतो, ‘कधी कळले? कोणी सांगितले? तू आधी कोणाला फोन केलास?’ दुसरा ‘छान, अभिनंदन’ म्हणतो आणि पुन्हा मोबाइलकडे वळतो. तिसरा काळजीच्या सुरात म्हणतो, ‘म्हणजे आता रात्री उशिरापर्यंत थांबावे लागणार. झेपेल ना?’ चौथा ती बातमी ऐकल्यासारखेच करत नाही आणि स्वतःची हकीकत सुरू करतो. तिसरा आणि चौथा नात्याला बाधतो हे कोणालाही सुचेल. जोडप्यांच्या त्या अभ्यासात विशेष हे आढळले की दुसरा, म्हणजे तो सभ्य, थंड ‘छान’ही कमी समाधान आणि कमी जवळीक यांच्याच बाजूला होता. फक्त पहिला प्रकार नात्यातील विश्वास आणि समाधान यांच्याशी जोडलेला दिसला. याच गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुढच्या कामात तर जोडीदार वाईट बातमीला कसा प्रतिसाद देतो यापेक्षा चांगल्या बातमीला कसा देतो, यावरून नात्याच्या प्रकृतीचा अधिक अंदाज येतो असे दिसले. संकटात धावून येणाऱ्यांचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. आनंदात नीट ऐकणाऱ्याचे कौतुक कोणी फारसे करत नाही, आणि ते करायला हवे.

म्हणून माझा तुला पहिला सल्ला स्वतःची बातमी सांगण्याचा नाहीच. दुसऱ्याची ऐकण्याचा आहे. त्यासाठी मोठा उत्साह दाखवण्याची गरज नसते, आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, ओढूनताणून आणलेला उत्साह तुला शोभणारही नाही. शांत माणसालाही दोन प्रश्न विचारता येतात. ते घटनेविषयी असावेत, परिणामांविषयी नसावेत. ‘मग ते काय म्हणाले?’ हा प्रश्न सांगणाऱ्याला त्या क्षणाकडे परत नेतो. ‘मग पगार किती वाढेल?’ हा त्याला हिशेबाला बसवतो. त्याला वाटणारी काळजी त्याने आधीच केलेली असते, ती तू त्याच दिवशी आठवून देण्याचे कारण नसते. सावधगिरीचा खरा मुद्दा असलाच तर तो दुसऱ्या दिवशीही तितकाच खरा राहतो.

यात एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवते. कधी बातमी अशा मित्राची असेल आणि अशा क्षेत्रातली असेल की ऐकताना तुझ्या पोटात खड्डा पडेल. अब्राहम टेसर यांनी 1980 च्या दशकात मांडलेल्या विचारानुसार जवळच्या माणसाचे यश आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या क्षेत्रातले असेल तर ते अधिक बोचते. त्याच माणसाचे दुसऱ्या क्षेत्रातले यश मात्र आपण अभिमानाने मिरवतो. तेव्हा मत्सर वाटला म्हणून स्वतःला नीच ठरवत बसू नकोस, आणि तो लपवण्यासाठी अतिस्तुतीही करू नकोस. प्रश्न विचार. उत्तर ऐकता ऐकता बोच कमी होते, कारण लक्ष तुलनेवरून त्या माणसावर जाते. बौद्ध परंपरेने चार ब्रह्मविहारांत, म्हणजे मनाने जोपासायच्या चार उदात्त भावांत, करुणेच्या शेजारी मुदितेला, म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखी होण्याला, स्थान दिले आणि ती साधनेने कमवायची गोष्ट मानली. ती आपोआप येत नाही हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

आता तुझ्या स्वतःच्या बातमीविषयी. ती सांगताना आधी तिचे अवमूल्यन करू नकोस. ‘तसे विशेष काही नाही’ असे म्हटल्यावर समोरच्याने तिला विशेष मानावे तरी कसे? तसेच तिला तात्पर्य जोडू नकोस. एका प्रयोगात अनोळखी माणसाने वाटलेली, नाणे लावलेली कार्डे काही विद्यार्थ्यांना मिळाली. ज्यांच्या कार्डावरील मजकुरातून देण्यामागचे कारण उलगडल्यासारखे वाटत होते, त्यांच्यापेक्षा ज्यांना ते नीट उलगडले नाही, त्यांची खुशी थोड्या वेळाने अधिक टिकलेली आढळली. टिमथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांच्यासह काही संशोधकांचे हे 2005 मधील काम. वरिष्ठ का खूश झाले, त्यांचा मूड बरा होता का, यामागे काही डाव असेल का, असे पापुद्रे काढत बसलास तर हाती काही उरणार नाही.

कोणाला सांगावे? ज्याला त्या गोष्टीची पार्श्वभूमी माहीत आहे त्याला. किल्ली सापडल्याचा आनंद तुझ्याबरोबर ती शोधणाऱ्यालाच पुरता कळेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकलेल्या बातमीला तीस अंगठे येतात आणि ते सर्व मिळून दुसऱ्या प्रकारच्या त्या ‘छान’च्या पुढे जात नाहीत, तिथे सांगण्यास माझी हरकत नाही, पण तेवढ्याने सांगून झाले असे समजू नये.

दुसऱ्यांच्या चांगल्या बातम्या पोहोचवणे हेही एक काम आहे आणि ते फार थोडे लोक करतात. कोणाच्या पाठीमागे त्याची स्तुती झालेली तू ऐकलीस, तर ती शब्दशः त्याच्यापर्यंत ने. निंदा पोहोचवणारे पुष्कळ भेटतात. मात्र जी बातमी सांगण्याचा हक्क ज्याचा आहे, त्याच्या आधी ती तू सांगू नयेस: कोणाची नवी नोकरी, कोणाच्या घरी येऊ घातलेले मूल, कोणाचा निकाल. ती तुला आधी कळली हा तुझ्यावरचा विश्वास आहे, आणि तो खर्च करण्यासाठी नसतो.

रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात का, असे तू मागे विचारले होतेस. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठवडाभर तीन चांगल्या गोष्टी व त्यांची कारणे लिहिणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही लाभ झालेला दिसला. त्याच वर्षी सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी दिलेल्या माहितीनुसार आठवड्यातून एकदा कृतज्ञतेची यादी करणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा करणाऱ्यांचे वाढले नाही. जिथे सक्ती सुरू होते तिथे मन नोंदी उरकू लागते, असे मी यावरून समजते. हवे तर रविवारी लिही. अशा संशोधनावर मी डोळे झाकून विसंबत नाही, हेही सांगते. 1972 मध्ये एक अभ्यास गाजला होता, ज्यात टेलिफोन बूथमध्ये पडलेले नाणे सापडलेल्या जवळपास प्रत्येकाने अनोळखी माणसाला मदत केली, पण पुढे इतरांनी तो प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही.

एक प्रसंग उरतो. तुझ्याकडे चांगली बातमी आहे आणि जिला ती आधी सांगायला हवी ती मैत्रीण सध्या स्वतःच्या दुःखात आहे. तिला जपण्यासाठी ती लपवावीशी वाटेल. लपवू नकोस, तिला ती दुसऱ्याकडून कळली तर आपल्याला वगळले गेले याचे दुःख वर चढेल. चारचौघांत न सांगता तिला एकटीला, थोडक्यात, शक्यतो लिहून सांग, म्हणजे चेहरा सावरण्याची घाई तिला करावी लागणार नाही, आणि उत्तराची वाट पाहत नाही हेही त्यात लिही. तिला जमेल तेव्हा ती विचारेल. त्या दिवशी तपशील राखून ठेवू नकोस, पहिल्यापासून सांग.

तुझी हितचिंतक