रिंगबाहेरच्या राड्याने गल्ला भरतो, पण कुणाचा?

तुमचा प्रश्न असा आहे: बॉक्सर रिंगबाहेर जी शिवीगाळ करतात, पत्रकार परिषदेत एकमेकांच्या अंगावर धावून जातात, पोलीस केसेस ओढवून घेतात, त्याने बॉक्सिंगचं भलं होतं की वाटोळं?

मी पुण्यात खडकीच्या बाजूला संध्याकाळच्या एका बॉक्सिंग क्लासमध्ये मदतीला असतो. तिथून जे दिसतं ते सांगतो. राड्याने त्या एका लढतीचं भलं होतं, आणि बिल मात्र भलत्याच माणसाच्या नावावर फाटतं.

आधी भल्याचं बोलू, कारण ते खोटं नाही. जानेवारी 2002 मध्ये न्यूयॉर्कला लेनॉक्स लुईस आणि माईक टायसन यांच्या लढतीची घोषणा व्हायची होती. स्टेजवरच हाणामारी जुंपली आणि टायसन लुईसच्या पायाला चावला. 1997 मध्ये होलीफील्डच्या कानाचा तुकडा पाडणारा टायसन तो हाच. नेवाडा राज्याने परवाना नाकारला. मग लढत रद्द झाली? छे! मेम्फिसने पायघड्या घातल्या. जूनमध्ये आठव्या फेरीत टायसन आडवा झाला, आणि घरी टीव्हीवर पैसे भरून लढत बघणाऱ्यांकडून 10 कोटी डॉलरच्या वर गोळा झाले. त्या काळातला तो विक्रम होता.

2012 चा किस्सा तर आणखी भारी. म्युनिकमध्ये डेरेक चिसोरा आणि डेव्हिड हेय हे दोन ब्रिटिश बॉक्सर पत्रकार परिषदेतच भिडले. ब्रिटिश मंडळाने चिसोराचा परवाना काढून घेतला. पाच महिन्यांत दोघं लंडनमधल्या फुटबॉलच्या मैदानात भरगच्च गर्दीपुढे लढले. परवाना कुणाचा? लक्झेंबर्गच्या बॉक्सिंग संघटनेचा! आपल्याकडे एका आरटीओने नाकारलेलं लायसन्स दुसऱ्या जिल्ह्यातून काढून आणतात, तसलाच प्रकार.

हे चालतं कारण व्यावसायिक बॉक्सिंगला एक मालक नाही. डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशी जागतिक किताब वाटणारी चार दुकानं आहेत, शिवाय प्रत्येक देशाचं, अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचं परवाना मंडळ वेगळं. क्रिकेटपटूवर आयसीसीने बंदी घातली तर तो जातो कुठे? बॉक्सरला कुठलं ना कुठलं दार उघडं मिळतंच. फ्लॉईड मेवेदर 2012 मध्ये घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आला आणि पुढच्याच वर्षी टीव्ही वाहिनीने त्याच्याशी सहा लढतींचा करार केला. त्या बाईचं काय झालं हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

‘तोंडाने लढणं हा खेळाचाच भाग, अलीनेही तेच केलं’ असं म्हणणारे खूप भेटतात. अलीच्या तोंडाचा मीही चाहता आहे. पण अलीवर बंदी होती तेव्हा त्याला परवाना मिळावा म्हणून शब्द टाकणाऱ्या प्रतिस्पर्धी बॉक्सर जो फ्रेझरला त्याने पुढे जाहीरपणे गोरिला म्हटलं. तिकिटं खपली, फ्रेझरच्या मनातली अढी मात्र कित्येक वर्षं गेली नाही. आणि 1962 मध्ये न्यूयॉर्कला वजनाच्या वेळी बेनी पॅरेटने एमिल ग्रिफिथला समलिंगी म्हणून शिवी दिली, त्याच रात्री बाराव्या फेरीत ग्रिफिथने त्याला कोपऱ्यात गाठून इतकं मारलं की दहा दिवसांनी पॅरेट गेला. शिवीमुळेच मेला असं मी म्हणणार नाही, पंचांनी थांबवायला उशीर केला हेही आहेच. पण वजनाच्या वेळचा तमाशा म्हणजे नुसती जाहिरात, असं कुणी म्हटलं की मला ती लढत आठवते.

आता आमच्याकडचं. क्लासची चौकशी करायला आलेल्या आईचा पहिला प्रश्न डोक्याला मार लागण्याबद्दल नसतो. ‘आधीच तापट आहे हो, घरी हात उचलायला लागला तर?’ हा असतो. तिने बॉक्सिंग म्हणून जे पाहिलेलं असतं ते मोबाईलवर, आणि तिथे नेमका हा राडाच फिरतो. उत्तम जॅबचं, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचं, रील कोण पुढे पाठवतं?

पोरंही तेच बघतात. मध्यंतरी दोघं जण कपाळाला कपाळ लावून, डोळे वटारून उभे होते, तिसरा शूटिंग करत होता. आमचे सर सैन्यातले. ओरडले नाहीत. ग्लोव्ह्जच्या आत हाताला गुंडाळतात ते बँडेज दोघांना सोडायला लावले आणि एकमेकांचे बांधायला सांगितले. अंगठ्यात फास अडकवून, मनगटाला वेढे घेत, बोटांच्या बेचक्यांतून काढून, न सुरकुतता. त्याला वेळ लागतो, समोरच्याचा घामट हात आपल्या हातात धरावा लागतो, आणि वटारलेले डोळे फार वेळ टिकत नाहीत. मग स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत. ते चांगलं जोरात झालं.

आता कुस्तीवाले ‘तालमीत असलं चालत नाही’ म्हणतील. 2025 ची अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी आठवा. पंचांना मारलेली लाथ अख्ख्या महाराष्ट्राने पाहिली, दोन मल्लांना तीन-तीन वर्षांची बंदी झाली. त्या लढतीतला एक तरी डाव आज कुणी सांगून दाखवावा!

सगळंच वाकडं वागणं मी एका मापाने मोजत नाही. डिसेंबर 2019 मध्ये निवड चाचणीत 9-1 ने जिंकल्यावर मेरी कोमने निखत झरीनशी हात मिळवला नाही. मला ते आवडलं नाही, पण खेळाचं त्यात काही बिघडलं नाही. निखत 2022 आणि 2023 मध्ये जागतिक विजेती झाली. 2014 च्या आशियाई स्पर्धेत उपांत्य लढतीच्या निकालाचा निषेध म्हणून सरिता देवीने आपलं कांस्यपदक कोरियन प्रतिस्पर्ध्याच्याच गळ्यात घातलं. ते नियमाबाहेर होतं, तिला वर्षाची बंदी झाली, आणि तरी माझी सहानुभूती तिच्याकडेच आहे.

माझा खरा राग आहे तो ग्लोव्ह्ज न घालणाऱ्यांवर. भारतीय महासंघाच्या निवडणुकीतल्या घोळामुळे डिसेंबर 2012 मध्ये महासंघ निलंबित झाला आणि 2013 च्या जागतिक स्पर्धेत आपली पोरं तिरंग्याशिवाय उतरली. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पैशांचा आणि पंचगिरीचा कारभार इतका नासला की ऑलिम्पिक समितीने जून 2023 मध्ये तिची मान्यताच काढली. 2028 च्या लॉस एंजेलिसमध्ये बॉक्सिंग असणार की नाही, हे मार्च 2025 पर्यंत लटकलेलं होतं. त्या काळात ‘सर, ऑलिम्पिकमध्ये राहील ना?’ हे पोरांपेक्षा पालकच जास्त विचारायचे. दहावी-बारावीचे क्रीडा गुण, सरकारी नोकरीतलं 5 टक्के आरक्षण, सैन्यातली भरती, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. टायसन कुणाला चावला होता, हे त्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही.