जुन्या टिपरच्या प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट सारखे ढिले होतात, किती आवळावेत?

तुम्ही लिहिलंय की गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या या शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला अधिकच्या खुणेसारखा तुकडा) नवा घातला, बोल्ट पाइप लावून आवळले, तरी उसगाव-डिचोलीच्या चार फेऱ्यांत पुन्हा ढिले. माझ्या मते आवळणं कमी पडत नाहीये. आवळलेलं टिकत नाहीये, आणि त्याचं कारण बहुधा फ्लँजच्या (बोल्ट लावून जोडायच्या टोकाच्या चकतीच्या) तोंडावर सापडेल.

शाफ्ट बोल्टच्या दांड्यांवर फिरतो असं वाटतं. खरं तर दोन फ्लँज एकमेकांवर दाबून बसतात आणि त्या घर्षणावर जोर पुढे जातो. बोल्टचं काम तो दाब धरून ठेवणं. मध्ये गंज, रंग किंवा खाणीची लाल माती राहिली की ती चेचली जाते, दाब उतरतो, फ्लँज सरकायला लागतात आणि सगळा मार बोल्टवर येतो. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर आपल्याकडचे कितीतरी टिपर पावसात उभे राहिले. तुमचाही त्यातलाच असेल तर दोन्ही तोंडं वायर ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासा आणि तिथे रंग मारू नका. भोकं लांबट झाली असतील तर फ्लँजच बदला.

आता टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या पिळाचा, आकडा. तो तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. जुन्या पुस्तकात किलोग्रॅम-मीटर असेल तर ९.८ ने गुणा, न्यूटन-मीटर मिळतील. बोल्टच्या डोक्यावर ८.८ आहे की १०.९ (हे बोल्टच्या मजबुतीचे दर्जे, १०.९ जास्त मजबूत) तेही बघा. पाना फिरवायला लागणाऱ्या जोरातला जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला लागतो, बाकीचा घर्षण खातं. म्हणून पुस्तकात कोरडे आटे धरले असतील आणि तुम्ही तेल लावलंत, तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

पाइप मात्र बंद करा. मीटरभर पाइपवर ४० किलोंचा जोर म्हणजे ४० किलोग्रॅम-मीटर. १२ एमएमचा बोल्ट त्याने मरतोच. पाइप लावलेले सगळे बोल्ट भंगारात घाला, सेल्फ-लॉक नटही नवे घ्या. समोरासमोरचे बोल्ट घेत आधी अर्ध्या टॉर्कवर, मग पूर्ण.

आणि हो, चाकांना गुटके लावल्याशिवाय खाली शिरू नका. शाफ्ट काढल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही सुटते. उतारावर हे काम करणारे महाभाग मी पाहिलेत.

शेवटी नट आणि फ्लँजवर मिळून रंगाची एक रेघ ओढा आणि पहिल्या लोडेड फेरीनंतर बघा. रेघ तुटली असेल तर तोंडं पुन्हा तपासा. रेघ जागच्या जागी असून थरथर येत असेल तर बोल्टांचा नाद सोडा; सेंटर बेअरिंग (शाफ्टचा मधला आधार) आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे टोकाचे चिमटे) एका रेषेत बसलेत का ते बघा.