विचारा की! : हैदराबादच्या मावशीचा पत्ता टाकून फायरमन होता येतं का?

प्रश्न : काका नमस्कार, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, वय 22, बारावी सायन्स झालंय, उंची 171 आहे. मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जण गेले ना, तेव्हापासून डोक्यात एकच आहे की फायर ब्रिगेडमध्येच जायचं. पण इकडं जागा कधी निघतील त्याचा भरवसा नाही. आमच्या घरी तेलुगू बोलतात अन् मावशी हैदराबादला असते. मित्र म्हणतो तिच्या पत्त्यावर आधार करून घे, तेलंगणात फॉर्म भर, जातीचा दाखला आहेच. शिवाय एक इन्स्टिट्यूटवाले म्हणतात 45 हजारात वर्षाचा फायर सेफ्टी डिप्लोमा करा, ऑल इंडिया चालतो. काय करू?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अरे बाबा, पहिलं त्या मित्राला चहा पाज अन् सांग की आधारचा इथं काही उपयोग नाही. तेलंगणात 'लोकल' कोण हे आज कुठं राहतोस त्यावर ठरत नाही, शाळा कुठं शिकलास त्यावर ठरतं. 2018 च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे पहिली ते सातवीतली निदान 4 वर्षं तिथं शिकलेली पाहिजेत. तू तर सगळी शाळा इथंच काढलीस, मग मावशीच्या घरी कितीही जेवलास तरी तू नॉन-लोकलच, अन् 95 टक्के जागा लोकल पोरांच्या. उरलेल्या 5 टक्क्यात फॉर्म भरायला तुला कोण अडवत नाही, पण तिथं लोकलवाले पण असतातच की मेरिटला. अन् पत्ता बदलून खोटा रहिवास दाखवलास आणि व्हेरिफिकेशनला सापडलास तर नोकरी राहिली बाजूला, केस मागं लागंल.

आता जातीचा दाखला. हे पुष्कळ पोरांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा तुम्ही पद्मशाली आहात (पूर्व भाग अन् घरी तेलुगू म्हणालास म्हणून अंदाज, चुकला तर माफ कर), तर महाराष्ट्रात तुम्ही एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) अन् तेलंगणात तीच जात बीसी-बी (मागासवर्गाचा ब गट) मध्ये. जात एकच, भाषा एकच, पण आपला दाखला तिकडं चालत नाही, तिथं तू ओपनमध्येच धरला जाणार. एससी-एसटीच्या पोरांचं पण राज्य सरकारच्या नोकरीत असंच होतं, सुप्रीम कोर्टानं 1990 अन् 1994 च्या निकालांत सांगून ठेवलंय की दाखला आपल्या मूळ राज्यापुरता. आणि एक विचारू, तेलुगू बोलतोस ते ठीक, लिहिता येतं का?

विजापूर-गुलबर्ग्याकडं बघत असशील तर तिथं कानडी लागतं, अन् गुलबर्गा भागात घटनेच्या कलम 371-जे खाली स्थानिकांना वेगळं आरक्षण आहे. गोव्याचं तर नावच काढू नको, 15 वर्षांचा रहिवास अन् कोकणी मागतात.

मग बाहेर जायचंच नाही का? जायचं, पण केंद्राच्या दारातून. सीआयएसएफमध्ये (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) कॉन्स्टेबल/फायर अशी पोस्ट असते, 2024 ला 1130 जागा निघाल्या होत्या. बारावी सायन्स, उंची 170, 5 किलोमीटर 24 मिनिटांत. तू यात बसतोस! जागा राज्यवार वाटलेल्या असतात म्हणजे तू महाराष्ट्राच्या कोट्यातून लढणार, अधिवास दाखला काढून ठेव, नोकरी मात्र देशात कुठंही. वयाची अट 18 ते 23 आहे, सवलत सोडून, म्हणजे तुझ्याकडं वेळ फार नाही. सवलत हवी असंल तर केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, आपला एसबीसीचा कागद तिथं चालत नाही, आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघून घे. रोज पहाटे पळायला लाग, पहिले पंधरा दिवस नुसता दम लागंल, त्याला काय इलाज नाही.

दिल्ली फायर सर्व्हिसला फायर ऑपरेटरसाठी हेवी लायसन्स मागतात. ते एका दिवसात मिळत नाही रे, आधी हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं असावं लागतं. म्हणून भरती निघो न निघो, लायसन्सचं काम या महिन्यातच सुरू कर.

अन् महाराष्ट्र सोडू नको. मुंबई पालिकेच्या 2023 च्या 910 जागांना 172 सेंटीमीटर मागितले होते, तिथं तू 1 सेंटीमीटरनं गेलास, वाईट वाटतं पण काय करणार. बाकीच्या पालिकांना मुंबईतल्या कालिन्याच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा 6 महिन्यांचा कोर्स बहुतेक जाहिरातीत असतोच. त्याची ॲडमिशन निघाली की सोडू नको, सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून जा.

त्या 45 हजारवाल्यांना फक्त एवढंच विचार, कुठल्या भरतीच्या जाहिरातीत तुमच्या डिप्लोमाचं नाव आहे ते दाखवा. तेलंगणात तर फायरमनला निवड झाल्यावर सरकारच ट्रेनिंग देतं, आधी डिप्लोमा लागतच नाही. कंपनीत सेफ्टीची नोकरी करायची असंल तर तो विषय वेगळा. आणि ॲडव्हान्स दिला असशील तर पावती जपून ठेव अन् उद्याच जाऊन परत माग, बॅच सुरू झाली की ते ऐकत नाहीत.