स्पेंगलर कप बघायला मुलांना घेऊन दावोसला जावं का, की ती नुसती प्रदर्शनी स्पर्धा असते?

जा. मुलांना घेऊन जा, आणि शक्यतो दुपारचा सामना बघा. तिकिटाचं आधी उरकून टाकतो. स्वित्झर्लंडमधल्या दावोसची ही क्लबांची आइस हॉकी, म्हणजे बर्फावरच्या हॉकीची स्पर्धा, २६ ते ३१ डिसेंबर, सहा संघ. ३० पर्यंत रोज दोन सामने, एक दुपारी आणि एक रात्री. ३१ला भर दुपारी अंतिम सामना. यजमान एचसी दावोस या गावच्या क्लबाचे सामने आणि अंतिम सामना यांची तिकिटं आधी उडतात, बाकीच्या सामन्यांची त्या मानाने मिळतात. स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. झुरिकहून लांडक्वार्टला गाडी बदलायची, पुढे लाल डब्यांची रेटिशे बान दावोस प्लात्सला सोडते. अडीच तास धरून चाला. दावोस म्हटलं की आपल्याला जानेवारीतले मुख्यमंत्री आणि सामंजस्य करार आठवतात. त्या परिषदेच्या काँग्रेस सेंटरच्या जवळच, त्याच रस्त्यावर हे स्टेडियम आहे.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘नुसती प्रदर्शनी’ या शब्दांबद्दल. या स्पर्धेला पात्रता फेरी नसते, संघांना आमंत्रण देऊन बोलावतात, म्हणून तसं म्हणतात. हेच वाक्य मी घरात इतकी वर्षं ऐकतोय की उत्तर लिहायला बसलो तेच त्यामुळे.

माझे मेहुणे सांगलीचे. तरुणपणी कबड्डी खेळायचे, उजव्या कोपऱ्यात, आणि गुडघा अजून त्याची साक्ष देतो. त्यांचं मत ठाम: “दाजी, निमंत्रितांची स्पर्धा म्हणजे शाल, नारळ आणि माइकवर आमदारांचं स्वागत. ज्याची ओळख त्याला आमंत्रण. पात्रता फेरी नाही, तिथं खेळ नाही.” या रागाचं मूळ मला ठाऊक आहे. त्यांचं मंडळ जिल्ह्यात जिंकायचं, पण शेजारच्या तालुक्यातल्या मोठ्या निमंत्रित स्पर्धेचं पत्र त्यांना कधी आलं नाही. दरवर्षी मांडवाबाहेर उभं राहून सामने बघितले. तेव्हा माणूस असं बोलणारच. पण म्हणून जगातल्या सगळ्या निमंत्रित स्पर्धा त्यांच्या तालुक्यासारख्या होत नाहीत, हे काही त्यांना पटेना.

ते नाताळात आमच्याकडे आले तेव्हा, २०२२ साली, मी मुद्दाम अंतिम सामन्याची तिकिटं काढली. एका बाजूला स्पार्टा प्राग, चेक राजधानीचा जुना, मातब्बर क्लब. दुसऱ्या बाजूला अंब्री-पियोत्ता. अंब्री हे इटालियन बोलणाऱ्या तिचिनो प्रांतातलं, गोथार्डच्या पायथ्याच्या दरीतलं खेडं. अशा खेड्याचा क्लब देशाच्या वरच्या लीगमध्ये झुरिक-बर्नशी खेळतो, हेच मुळात नवल. स्वित्झर्लंडचं विजेतेपद त्यांना आजवर एकदाही मिळालेलं नाही.

आमच्या पुढच्या रांगेत निळ्या-पांढऱ्या मफलरमधले एक आजोबा होते, सत्तरी ओलांडलेले. सामना बरोबरीत अडकला, पेनल्टी शूटआऊटवर गेला. एक खेळाडू मधून एकटा पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चकती, घेऊन निघतो, समोर फक्त गोलकीपर, आणि स्टेडियममधले हजारो लोक श्वास रोखून. आजोबांनी मफलर तोंडात कोंबला होता. अंब्री ३-२ने जिंकलं आणि आजोबा ढसाढसा रडले. मग त्यांच्या लोकांनी, जिंकल्यावर गायचं त्यांचं ते डोंगराचं गाणं सुरू केलं. मेहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते, गुडघा विसरून. त्यांना बर्फावरच्या हॉकीचा ऑफसाइड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर म्हणाले, “खेळ चांगला होता. पण स्पर्धा निमंत्रितांचीच.”

म्हणून इथे एकदाचं लिहूनच ठेवतो. ही स्पर्धा १९२३मध्ये कार्ल स्पेंगलर या दावोसच्या डॉक्टरांनी सुरू केली. क्षयरोग्यांना दावोसची हवा मानवते, हे ज्यांनी युरोपला पटवलं त्या अलेक्झांडर स्पेंगलर यांचे ते चिरंजीव. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने बाहेर बसवलं होतं. अधिकृत दारं बंद, पात्रता फेरीचा प्रश्नच नाही. अशा काळात कालच्या शत्रूंना एका बर्फावर आणायचं तर कुणीतरी घरचं आमंत्रण धाडण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, आणि डॉक्टरांनी तेच केलं. पहिला चषक ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाने नेला. मेहुण्यांच्या तालुक्यात पत्र न पाठवून माणसं बाहेर ठेवली, इथे पत्र पाठवून आत घेतली.

आणि अधिकृत स्पर्धांचं काय झालं तेही बघा. युरोपच्या क्लबांसाठी महासंघाचा युरोपियन कप १९६५मध्ये आला, १९९७मध्ये गुंडाळला. मग चॅम्पियन्स हॉकी लीग नावाचा थाट २००८मध्ये मांडला, तो एकाच हंगामात आटोपला. आत्ताची त्याच नावाची लीग २०१४पासूनची. या सगळ्या उलाढालीत दावोसचा डिसेंबर चालूच होता. १९७९पर्यंत तर सामने उघड्यावर, पंधराशे मीटर उंचीवरच्या थंडीत होत. आताचं मोठं लाकडी छप्पर त्यानंतरचं. करोनामुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं मात्र खंड पडला.

मेहुण्यांचा एक मुद्दा बिनतोड आहे, तो मान्य करतो. क्लबांच्या स्पर्धेत ‘टीम कॅनडा’ कशी? ती १९८४पासून येते, पहिल्याच फटक्यात जिंकली आणि नंतरही वारंवार जिंकत आली. बहुतेक युरोपातल्या वेगवेगळ्या क्लबांतून खेळणारे कॅनेडियन गोळा करून आणायचे, थोडा सराव, की उतरले. बाकीचे क्लबही स्पर्धेपुरते पाहुणे खेळाडू उसने घेतात. हे शुद्ध क्लब हॉकीत बसत नाही, बरोबर. पण २०१२मध्ये अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगला मालक-खेळाडूंच्या वादात टाळं लागलं होतं, तेव्हा याच सवलतीमुळे तिथले तव्हारेस, सेगिन, बर्जरॉन कॅनडाकडून दिसले, आणि दावोसकडून जो थॉर्नटन होताच. अशी मंडळी हौसेखातर हात-पाय मोडून घ्यायला येत नाहीत. मैदानाभोवतीच्या फलकाशी दाबून दिलेला धक्का तुम्ही जवळून ऐका, मग प्रदर्शनी म्हणा.

तरी सगळे संघ सगळे सामने सारख्याच त्वेषाने खेळतात असं नाही. पहिल्या तीन दिवसांत तीन-तीन संघांच्या दोन गटांतले सामने असतात आणि गटात तिसरा, म्हणजे शेवटचा, आला तरी संघ बाहेर पडत नाही, पुढची फेरी मिळतेच. त्यामुळे २८ तारखेचा एखादा सामना रेंगाळलेला वाटू शकतो. तुम्हाला चुरस हवी असेल तर २९ किंवा ३०ची तिकिटं बघा. तिथे हरला की घरी. हे खरं तर मी वरच सांगायला हवं होतं, पण मेहुणे मध्ये आले.

मुलांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. पाचाच्या आतली असतील तर कानांवर आवाज अडवणारे हेडफोन घ्याच, भोंगा आणि ढोल थांबत नाहीत. सामन्याचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात, घड्याळ खेळ थांबला की थांबतं, म्हणजे मध्यांतरं धरून सव्वादोन-अडीच तास तरी जातात. कंटाळली तर गावात स्केटिंग करायला मोकळ्यावर बर्फ आहे. आत खायला सॉसेज मिळतं. शाकाहारी असाल तर डबा गाडीतच संपवा. रात्रीचा सामना लहान मुलांना घेऊन नको, परतीच्या गाड्यांचे हाल होतात.

आणि सांगलीकडचे कुणी हे वाचत असतील तर: पुढच्या डिसेंबरची दोन तिकिटं माझ्याकडून, आमंत्रणाचं पत्र आजच पाठवतोय.