युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या आठवणी मुख्यतः लढाईच्याच असतात का?

माझ्या घरच्या अनुभवावरून सांगायचे तर, नाही. माझे वडील 1971 च्या युद्धात शकरगढ आघाडीवर होते आणि तिथे सुरुंगाने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पण त्या दिवसाविषयी ते आयुष्यभर तेवढेच मोजके बोलत आले: डिसेंबरची थंडी, धुके, इंजिनिअर्सनी फिती लावून आखून दिलेली वाट आणि त्या वाटेबाहेर पडलेले एक पाऊल. कोणी याहून अधिक विचारले की ते चहाचा विषय काढत.

त्यानंतरचे मात्र ते तासन्‌तास सांगत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1944 मध्ये, पुण्यात वानवडीला लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. जवान त्याला ए.एल.सी. म्हणतात. वडिलांच्या आठवणी तिथल्याच. उरलेल्या पायाला आकार यावा म्हणून रोज आवळून बांधायची पट्टी, नसलेल्या अंगठ्याला रात्री सुटणारी खाज, समांतर दांड्या धरून टाकलेली पहिली पावले आणि कोणाचा पाय आधी नीट बसतो यावर लागणाऱ्या पैजा, हे सारे त्यांच्या बोलण्यात काल घडल्यासारखे येई. गावाकडची आठवण अधिक बोचरी होती. पंगतीत मांडी घालता येईना म्हणून त्यांना मानाने खुर्ची दिली जाई, आणि पानावर बसलेल्या भावकीपेक्षा हातभर उंच बसून जेवताना आपण घरचे न राहता पाहुणे झालो, असे त्यांना वाटे. देवळाच्या पायरीवर तर आणखीच अडचण, कारण ते कृत्रिम पाऊल बुटाशिवाय चालण्यासाठी घडवलेलेच नव्हते.

मुरलीकांत पेटकरांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवले, हे अनेकांना ठाऊक असते. मूळच्या या मुष्टियोद्ध्याने मधली सात वर्षे कशी काढली, हे क्वचितच कोणी विचारतो. दोष सांगणाऱ्यांचा नसून आपणा ऐकणाऱ्यांचा आहे, असे माझे मत आहे.

वडिलांनी पुढे जयपूर फूट बसवून घेतला, जो अनवाणी चालणाऱ्या आणि जमिनीवर बसणाऱ्या माणसांच्या गरजा ओळखूनच घडवलेला आहे. बहिणीच्या लग्नात ते पंगतीत खाली बसून जेवले. त्या लग्नाची तारीख त्यांना तोंडपाठ होती. पाय गेला ती तारीख मात्र ते दर वेळी पेन्शनच्या कागदांत पाहून सांगत.