तेहेतिसाव्या वर्षी केजमध्ये उतरायचं, तर नोकरी सोडून की धरून?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, गोदामात पर्यवेक्षकाची पक्की नोकरी. शाळा-कॉलेजात सहा वर्षं कुस्ती केली, मग सात वर्षं खंड. गेली तीन वर्षं आठवड्यातून चार संध्याकाळी मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या, जाळीच्या केजमध्ये होणाऱ्या लढतींचा) सराव. ६६ किलोच्या गटात दोन हौशी लढती झाल्या, एक जिंकली, एक हरलो. बायकोच्या पगारात निम्म्याहून थोडा जास्त घरखर्च निघतो. मुलगी चार वर्षांची आहे, घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे. अडीअडचणीसाठी सात महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे बाजूला आहेत, आणि निवृत्तीच्या खात्यात २४ महिन्यांच्या खर्चाइतके. नोकरी सोडून, निवृत्तीची रक्कम काढून दोन वर्षं पूर्णवेळ सराव करायचा आणि ३३व्या वर्षी व्यावसायिक लढत खेळायची असं मनात आहे. या खेळातला विजेता रँडी कूचर ३३व्याच वर्षी उतरला होता, अलेक्स परेरा, फ्रान्सिस एन्गानू हेही उशिराच आले. बायकोला अजून आकडे दाखवलेले नाहीत. काय करावं?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कूचरचं वय तुम्ही अचूक लिहिलंय. जन्म जून १९६३ चा, पहिली व्यावसायिक लढत मे १९९७ मध्ये, यूएफसी या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेच्या तेराव्या खेपेला. चौतिसावा वाढदिवस महिन्याच्या आत आला होता. त्याच वर्षी डिसेंबरात तो हेवीवेट विजेता झाला, आणि मार्च २००७ मध्ये, ४३व्या वर्षी, टिम सिल्व्हियाला पाचही राउंड मागे ठेवून त्यानं तोच किताब पुन्हा घेतला. कुणालाही उभारी यावी अशीच ही कहाणी आहे.

पण त्या दिवशी केजमध्ये उतरलेला माणूस नवखा नव्हता. ग्रीको-रोमन कुस्तीत तो अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचा राखीव मल्ल होता. डॅनियल कॉर्मिएर या लढवय्याचंही तेच. पहिली लढत सप्टेंबर २००९ मध्ये, वय ३०. त्याआधी २००४ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत चौथा क्रमांक, आणि २००८ साली बीजिंगला वजन उतरवताना मूत्रपिंडं निकामी होऊन स्पर्धेतून माघार. योएल रोमेरो ३२व्या वर्षी आला, तेव्हा सिडनी २००० चं रौप्यपदक त्याच्या गाठीला होतं. या तिघांची उशिरा सुरू झाली ती फक्त केजमधल्या लढतींची नोंदवही. घाम पंधरा-वीस वर्षं आधीपासून गळत होता, आणि त्यातला बराचसा काळ त्यांना स्पर्धेच्या मॅटवरच घालवता आला.

तुमची सहा वर्षं मी कमी लेखत नाही. लहानपणी कुस्ती केलेल्याचा तोल आणि पकड तिशीतही ओळखू येते. पण मधल्या सात वर्षांचा खंड तुमच्या हिशेबात कुठेच धरलेला नाही, तो धरायला हवा. दुसरी गोष्ट वजनाची. कूचर, कॉर्मिएर, एन्गानू, परेरा सगळे जड गटांतले. तिथे ताकद आणि अनुभव उशिरापर्यंत साथ देतात. तुमच्या ६६ किलोच्या आसपासच्या गटांत वेगावर बरंच काही ठरतं, आणि पस्तिशी ओलांडलेल्याच्या हाती तिथे मोठा किताब फार क्वचित लागतो.

परेराकडे मात्र तुम्ही नीट बघावं, कारण त्याचा मार्ग तुम्हाला खरोखर उपयोगी आहे. शाळा सुटलेली, टायरच्या दुकानात काम, दारूचं व्यसन. त्यातून बाहेर पडायला म्हणून विशीच्या सुरुवातीला तो किकबॉक्सिंगकडे वळला. २०१५ मध्ये मिक्स्ड मार्शल आर्ट्सची पहिली लढत खेळला आणि हरला. पुढे एक-दोन लढती जिंकूनही तो मिळकत देणाऱ्या किकबॉक्सिंगकडे परतला, तिथे दोन वजनगटांचा विजेता झाला, आणि २०२० मध्ये पुन्हा इकडे आला. यूएफसीत पाऊल ठेवलं नोव्हेंबर २०२१ मध्ये, ३४व्या वर्षी. बरोबर एका वर्षानं मिडलवेटच्या विजेतेपदाचा पट्टा, आणखी एका वर्षानं लाइट हेवीवेटचा. मधली सगळी वर्षं त्याचं घर दुसऱ्या कमाईवर चाललं होतं.

तुमच्या यादीत नसलेली दोन नावं मी घालतो. शेन कार्विन पाणीपुरवठ्याच्या खात्यात अभियंता होता. तिशीत पहिली लढत खेळला, नोकरी करत राहिला, आणि मार्च २०१० मध्ये फ्रँक मिरला पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउट करून अंतरिम हेवीवेट विजेता झाला. स्टिपे मिओचिच यूएफसीचा हेवीवेट विजेता असतानाही अग्निशमन दलात अर्धवेळ काम करायचा. जगातला त्या घडीचा सर्वांत वरचा हेवीवेट लढवय्या पाळी संपवून घरी जायचा, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यानंच एन्गानूला पाच राउंड लढून हरवलं.

एन्गानूनं मार्च २०२१ मध्ये परतफेड करून पट्टा घेतला, हेही खरं. वाळूच्या खाणीत राबलेला मुलगा, कॅमेरूनहून सहारा ओलांडून युरोप, पॅरिसमध्ये रस्त्यावर काढलेल्या रात्री, आणि २७व्या वर्षी पहिली लढत. पण त्यानं जे मागे सोडलं त्यात पगार नव्हता, साठवण नव्हती. ज्याच्याजवळ गमावण्यासारखं काही नाही त्याचा निर्णय, आणि ज्याच्या सहीवर कर्जाचा हप्ता आहे त्याचा निर्णय, हे एका तराजूत बसत नाहीत. तुमची हिंमत त्याच्यापेक्षा कमी आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या निर्णयात आणखी दोन माणसं आहेत, एवढंच.

आता पैसे. नवख्याचं मानधन बहुधा दोन भागांत असतं, एक उतरल्याचं आणि दुसरं, तितकंच, जिंकल्याचं. यूएफसीतही अलीकडच्या वर्षांत नव्या खेळाडूचा करार साधारण १० ते १२ हजार डॉलर उतरायचे आणि तेवढेच जिंकायचे असा असतो. तिथे पोहोचेपर्यंतच्या छोट्या स्पर्धांमध्ये रक्कम याच्या कितीतरी खाली असते. उतरल्याचे १०० धरा. वर्षात दोन लढती झाल्या, एक जिंकलात, तर ३०० आले. त्यातून व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांचा वाटा मिळून २० ते ३० टक्के गेला, म्हणजे उरले २१० ते २४०. त्यातून लढतीआधीच्या सहा-आठ आठवड्यांच्या सराव-कॅम्पचा खर्च, वैद्यकीय तपासण्या, फिजिओ, प्रवास आणि कर. पहिल्या दोन-तीन वर्षांत या खेळानं स्वतःचा खर्च भागवला तरी मी त्याला यश म्हणेन. घरात पैसे येतील असं धरून चालू नका.

शिवाय लढत रद्द होते. समोरचा वजनात बसत नाही, कुणाची बरगडी जाते. नॉकआउट झालात तर महिना-दोन महिने अंगाला हात लावू द्यायचा नाही असा वैद्यकीय आदेश येतो. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर नऊ महिने ते वर्ष जातं. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या तक्त्यात दोन वर्षांच्या सरावाची फी महिन्यागणिक आहे, पण न खेळता घालवायचा एकही महिना नाही. या खेळाचे असे तक्ते पाहतो तेव्हा मी सर्वांत आधी तोच रकाना शोधतो.

निवृत्तीच्या रकमेला हात लावू नका, हे मी अगदी आग्रहानं सांगतो. महागाई वजा जाता वर्षाला ३ टक्के वाढ धरली, तर आजचे २४ महिने साठीला सुमारे ५६ महिने होतात. म्हणजे दोन वर्षांच्या सरावासाठी तुम्ही म्हातारपणाची साडेचार वर्षांहून जास्त शिदोरी मोडताय. मुदतीआधी काढल्यावर कर किंवा दंड पडत असेल तर तो वेगळा, आणि नोकरी नसल्यानं दोन वर्षं त्या खात्यात काहीच पडणार नाही ते आणखी वेगळं.

विम्याची कागदपत्रं आजच काढून बसा. वगळलेल्या गोष्टींच्या पानावर "व्यावसायिक खेळ" किंवा "धोकादायक खेळ" असे शब्द शोधा. हौशी लढतीपर्यंत चालणारं संरक्षण मानधन घेतल्याक्षणी संपू शकतं. जीवन विमा कंपनीला या खेळाबद्दल लेखी कळवा. हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवलेली गोष्ट दावा करताना बाहेर आली, तर तुमच्या मुलीच्या हाती काही लागणार नाही.

माझा सल्ला असा: नोकरी सोडू नका, खेळही सोडू नका. घरच्या एकूण मिळकतीचा दहावा हिस्सा एका वेगळ्या खात्यात टाका आणि खेळाचा प्रत्येक खर्च त्यातूनच करा, अगदी माउथगार्ड आणि हाताला गुंडाळायच्या पट्ट्यासुद्धा. खातं रिकामं झालं तर पुढचा पगार येईपर्यंत थांबा. सात महिन्यांची अडीअडचणीची रक्कम या खात्याची नाही. मालकाशी बोलून पाळी बदलून घ्या, सकाळचे दोन तास मोकळे झाले तरी सराव दीडपट होईल. पगारात थोडी कपात होऊन आठवड्यातला एक दिवस सुटत असेल, तर तो सौदा मी करेन.

यासाठी १८ महिने घ्या आणि चार हौशी लढती खेळा. आंतरराष्ट्रीय हौशी नियमांत राउंड तीन मिनिटांचे असतात, कोपराचे फटके नसतात, नडगीला संरक्षण असतं. शिकण्यासाठी तिथे कमी किंमत मोजावी लागते. चारपैकी तीन जिंकलात, तर दुसऱ्या जिमच्या प्रशिक्षकाकडे आठवडाभर स्पारिंग (सरावाच्या लढती) करा आणि त्याला स्पष्ट विचारा. तुमच्याकडून फी घेणाऱ्याचं मत या एका बाबतीत पुरेसं नाही. तोही हो म्हणाला, तर तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढा आणि पहिली व्यावसायिक लढत खेळा. तेवढा भार तुमचं घर सोसू शकतं, मी मांडून पाहिलंय. आणि डोक्याला मार लागून दोनदा शुद्ध गेली तर तिथेच थांबायचं, हे आजच कागदावर लिहा. त्या दिवशी तुम्हाला ते सुचणार नाही.

निकाल वेगळा लागला तरी मॅट सुटत नाही. ब्राझिलियन जिऊ-जित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या खेळाच्या स्पर्धांत तिशीपासून पुढे मास्टर्सचे वेगळे वयोगट आहेत, आणि कुस्तीची बैठक असलेल्या माणसाला तिथे खरी संधी असते. लहान मुलांना कुस्ती शिकवण्याचं काम संध्याकाळी दोन तास जरी मिळालं, तरी खेळाच्या खात्यात पहिली जमा पडेल.

राहिली बायकोला आकडे न दाखवल्याची गोष्ट. निम्म्याहून जास्त घर तिच्या पगारावर चालतं, आणि तुम्ही ज्या दोन वर्षांबद्दल लिहिताय ती तिचीही आहेत. या रविवारी मुलगी झोपल्यावर दोघं बसा. तुमचा मूळ बेत आणि हा १८ महिन्यांचा बेत, दोन्ही समोर ठेवा, आणि दहावा हिस्सा झेपतो की नाही हा आकडा तिला ठरवू द्या. ती जो सांगेल तो मला कळवा, त्यावरून महिन्याचा तक्ता मी करून पाठवतो.